नदी जरा वर घ्या

ठकूबाईंनी चोळीची पाठ माझ्या मांडीवर पसरली, तळहातानं तिच्या चुण्या काढल्या आणि म्हणाल्या, "हे माझं घर. लावा आता."

हिरव्या खणाचा तुकडा होता. किनार विटून विटकरीच्या रंगाची झालेली, काखेपाशी घामाचा डाग तसाच.

"घर कुठं होतं तुमचं?"

"देवळामागच्या हिरीपासनं एकवीस पावलं. खाली नदीच्या अंगाला, उंबरापाशी. डोक्यावर दोन घागरी अन् काखंत एक घेऊन मोजलेली पावलं हायत बाई. चुकायची न्हाईत."

"बाई, ठकूआत्या नदीला उतरायच्या न्हाईत, नदीच त्यांच्याकडं चढून यायची," हौसाबाई म्हणाली आणि सुया ओवत बसलेल्या बायका हसल्या. ठकूबाईही हसल्या. पुढचे दोन दात नव्हते.

या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते आणि धरणाखाली गेलेल्या गावांच्या आठवणींवर अभ्यास करत होते. सावरदांड हे त्यातलं एक. डोंगरातलं गाव उचलून सरकारनं खालच्या मुलखात, एका बोडक्या माळावर आणून ठेवलं, त्यालाही तेव्हा तीस वर्षं होत आली होती. नव्या सावरदांडच्या शाळेतल्या पोरांना जुनं गाव म्हणजे आजीची बडबड वाटायची. मला त्या बडबडीचा नकाशा करायचा होता. कागदावर केला असता तर तो माझा झाला असता, म्हणून मी गोधडीवर करायचं ठरवलं. ज्या घराची खूण, त्याच घरातल्या जुन्या कपड्याच्या तुकड्याची. कुणाच्या धोतराची, कुणाच्या नऊवारीची, एका घराची तर बापाच्या पटक्याची. शिवणार गावातल्याच अकरा बायका, आणि त्यांची पुढारी हौसाबाई. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, "शिकलेल्या माणसाला गाव बघायला गोधडी लागती व्हय?"

एक नियम मात्र माझा होता. घर शिवायचं तर त्या घराबाहेरच्या दोन माणसांनी सांगायला हवं, की होय, तिथं घर होतं. दोघंही गाव उठलं तेव्हा जाणती असायला हवीत. आठवण घसरते, एकाची दुसऱ्याच्या अंगावर जाते, हे मी पुस्तकांतून शिकले होते. नियम चांगलाच होता. अजूनही तो चांगला नियम आहे असं मला वाटतं.

ठकूबाईंच्या घराला साक्ष मिळेना.

"असंल," एक म्हातारा म्हणाला आणि तंबाखू मळत राहिला.

"आमचं घर वरच्या आळीला. खाली आमी कशापायी जातोय?" दुसरी म्हणाली.

तिसऱ्यानं मला चहा दिला, नातवाचं लग्न दाखवलं, सगळा अल्बम दाखवला, आणि ठकूबाईंचं नाव काढलं की त्याला ऐकू येईनासं व्हायचं.

ठकूबाई नवऱ्यानं टाकलेल्या. माहेरी परत आल्या तर भावानं उंबरठा ओलांडू दिला नाही. तेव्हा देवळाच्या जागेत, नदीकाठी, स्वतःच्या हातानं कुडाचं घर उभं केलं, देवाची भांडी घासली, वाती वळल्या, अठरा वर्षं. हे सगळं त्यांनीच सांगितलेलं. नव्या गावात त्या भाच्याच्या गोठ्याला लागून असलेल्या पडवीत राहत होत्या. सरकारनं घरोघरच्या जागांवर नावं घालून रोवलेल्या हद्दीच्या दगडांत त्यांच्या नावचा दगड नव्हता.

आता रंगनाथबुवांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

रंगनाथबुवा हरदास म्हणजे सावरदांडचे कीर्तनकार. गाव उठल्यावरही त्यांनी देव सोडला नाही. माझे वडील चिंतामणराव आमच्या शहरात पेटी वाजवायचे. बुवा उत्सवाला आले की साथ त्यांची. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून मांडी घालून बुवांसमोर बसलेली आहे. बुवा उभे राहिले, झांज वाजली, की मला घर, शाळा, भूक काही आठवत नसे. देव आहे हे मला कुणी सांगितलं नाही, मला ते बुवांच्या आवाजात ऐकू आलं. पूर्वरंग संपला, की निरूपणाचं गाठोडं बांधून बुवा क्षणभर थांबत, त्यांच्या गळ्यात हार पडे, आणि आख्यान सुरू व्हायच्या आधी सगळ्या श्रोत्यांना बुक्का लावला जाई. ती वाटी माझ्याकडे असायची. वडिलांनी एकदाच सांगितलं होतं, "रांग तोडायची नाही. शेवटच्या माणसापर्यंत जायचं. पेटी थांबेल, पण कपाळ सोडायचं नाही." आणि ते खरोखर पेटीवर तेच तेच सूर धरून ठेवत, माझी वाटी परत येईपर्यंत.

वडील गेले आणि बुवांनी कीर्तन थांबवलं. सहा वर्षं ते उभे राहिले नव्हते. गोधडी देवळात लावायच्या दिवशी उभा राहीन म्हणाले, फक्त माझ्यासाठी. त्यांना तेव्हा ऐंशी पूर्ण झाली होती. हे शेवटचं कीर्तन, हे दोघांनाही ठाऊक होतं. दिवस मोजत होते मी.

गोधडी जवळजवळ पुरी होत आली होती, तेव्हा एक दिवस दुपारी मी जुन्या कॅसेटी ऐकत बसले होते. चैत्रात मी बुवांच्या पत्नीचं, रमाकाकूंचं बोलणं टेप केलं होतं. आषाढात त्या गेल्या. त्यांचा बारीक आवाज ऐकून मला भरून आलं होतं, आणि मधेच त्या म्हणाल्या, "संध्याकाळी खाली ठकूच्या दारात दिवा दिसला, की मी समजायची, वाती तयार झाल्या. मग ह्यांना सांगून खाली जायची. दारातच बसायचो दोघी. उंबराची पिकलेली फळं पडायची टपटप."

मी कॅसेट मागं नेऊन तीनदा ऐकली. मग धावत सुटले. काकू ही एक साक्ष झाली, बुवा दुसरी होतील, घर लागेल, असा माझा हिशेब.

बुवा देवळाच्या ओसरीवर झांजांच्या दोऱ्या बदलत होते.

"बुवा, ठकूबाईंचं घर सापडलं."

"कुठलं घर?"

"विहिरीखालचं. उंबराजवळचं."

"तिथं घर नव्हतं, बाळ. वाळू होती. देवाची मोकळी जागा."

"काकूंनी सांगितलंय. टेप आहे माझ्याकडे." आणि मी दिव्याचं, वातींचं, फळांचं सगळं सांगितलं.

दोरी ओवणारं बोट थांबलं. "टपटप म्हणाली?"

"हो."

त्यांनी झांज मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "शेवटी शेवटी ती काहीबाही बोलायची." आणि लगेच मान हलवली. "नाही. चिंतामणरावांची लेक तू. तुझ्याशी खोटं नको. मोजणीचा साहेब आला तेव्हा पंच म्हणून मी उभा होतो. त्यानं विचारलं, देवाच्या जागेत कुणी राहतं का? राहतं म्हटलं असतं, तर ती जागा तिच्या नावे धरली असती, आणि तिच्या बदल्यात इथं माळावर देवाला उभं राहायला जागा मिळाली नसती. मी म्हटलं, मोकळी आहे. देवासाठी म्हटलं."

"आणि ठकूबाई?"

"भावानं ठेवून घेतलीच की."

"गोठ्यात."

"मला माहीत आहे कुठे ते." त्यांचा आवाज चढला नाही. कीर्तनात अशा जागी तो चढायचा. "लावायचं तर लाव ते घर. तुझा अधिकार आहे. गावाला ठाऊकच आहे सगळं, फक्त कुणी बोललेलं नाही. तू शिवलंस की बोलतील. मग मी त्या दिवशी उभा राहणार नाही. कुठल्या तोंडानं राहू? दुसरा कुणी बुवा बघ."

"बुवा, असं नका म्हणू."

"मी काहीच म्हणत नाही. तू ठरव."

ते पुन्हा दोरी ओवू लागले. सुईच्या नाकासारखं झांजेचं ते छोटं भोक त्यांना दिसत नव्हतं. मी झांज हातात घेतली आणि दोरी ओवून दिली.

हौसाबाईच्या ओसरीवर गोधडी पसरलेली होती. देऊळ बुवांच्या उपरण्याचं, विहीर कुणाच्या तरी काळ्या चंद्रकळेची, नदी निळ्या लुगड्याची. विहीर आणि नदीच्या मधे खडूनं काढलेला एक चौकोन रिकामा होता. हौसाबाईनं खणातून एक तुकडा बेतून माझ्यापुढं धरला.

"साक्ष मिळाली का बाई?"

"नाही."

"मग हितं काय लावू? भोक दिसतंय."

"नदी जरा वर घ्या."

हौसाबाईनं माझ्याकडं पाहिलं. "किती वर?"

"उंबरापर्यंत."

"बरं," ती म्हणाली. खणाचा बेतलेला तुकडा तिनं माझ्या हातात दिला, उरलेली चोळी मांडीखाली सारली आणि निळं लुगडं ओढून घेतलं. मी तो तुकडा वहीत ठेवला.

कार्तिकात, दुपारी चारला, गोधडी देवळाच्या सभामंडपात लावली. माणसं ती डोळ्यांनी बघत नव्हती, हातांनी बघत होती. "हे आमच्या बाचं धोतार!" "आगं, हितनं पळत यायचो आपण!" म्हातारे एकमेकांना ढकलत होते. शाळेतली पोरं गप्प होऊन आजोबांच्या बोटामागं बघत होती. मला अभिमान वाटत होता. लपवत नाही.

ठकूबाई गर्दी ओसरल्यावर आल्या. धुवट पातळ नेसलेल्या, केसांना तेल. विहिरीवर दोन बोटं ठेवली आणि ती पावलांसारखी एकापुढं एक टाकत खाली निघाल्या. ओठ हलत होते. एकविसावं पाऊल निळ्यावर पडलं. बोटं तिथंच थांबली. मग त्यांनी तळहात फिरवून आसपास चाचपलं.

"साक्ष मिळाली नाही, ठकूबाई," मी म्हणाले. "दोन लागतात."

"व्हय. नियम हाय न्हवं." त्या निळ्याकडं बघत राहिल्या. "म्हंजी माझ्या घरात पाणी आधीच शिरलं व्हतं म्हणायचं."

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एखादी नवी बातमी कळावी तसं म्हणाल्या.

"तुकडा हाय ना माझा?"

"आहे. देते."

"सवडीनं द्या. कीर्तन ऐकून जाते." आणि बायकांच्या बाजूला, अगदी मागं, खांबाला टेकून बसल्या.

बुवा उभे राहिले. पाय कापत होते. पहिली झांज वाजली आणि पाय थांबले. मी टेपरेकॉर्डर लावला. कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आले. संपल्या नव्हत्या. पिशवीत दोन कोऱ्या होत्या. माझ्या हातानं काकूंची कॅसेट काढली, मागं नेली आणि आत घातली. बुवांच्या पहिल्या नमनाखाली तो दिवा, त्या वाती, ती टपटप पुसली जात होती आणि मी डोळे मिटून डोलत होते. खरंच डोलत होते. इतकं गोड कीर्तन मी नंतर ऐकलं नाही.

पूर्वरंग संपला. बुवांच्या गळ्यात हार पडला. त्यांनी मला खूण केली, "बुक्का चिंतामणरावांच्या लेकीनं लावायचा."

मी वाटी घेतली. पुरुषांची रांग झाली. बायकांची सुरू झाली. एकेक कपाळ पुढं येत होतं, एकेक नमस्कार. समोर पाहिलं तर ठकूबाई आठ बायकांपलीकडं. पदर डोक्यावर घेऊन, कपाळ किंचित वर करून, मिटल्या डोळ्यांनी थांबलेल्या. भक्तिभावानं माणूस थांबतं तशा.

पेटीवाला नवीन होता. त्यानं आख्यानाचा सूर धरला.

मी रांगेत पुढं गेले असते तर तो थांबला असता. मी मागं वळले आणि वाटी देवापाशी ठेवून माझ्या जागी जाऊन बसले.

बुवांनी आख्यान लावलं ते देवाला भेटून परतणाऱ्या गरीब भक्ताचं. आपल्या गावी येतो आणि त्याला स्वतःची झोपडीच सापडत नाही. जागा तीच, वाट तीच, झोपडी नाही. तिथं बुवांचा आवाज बसला. झांज हातात तशीच राहिली. लोकांना वाटलं, रंगले बुवा; बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी मागं वळून पाहिलं नाही. आरतीनंतर पाहिलं तेव्हा खांबापाशी कुणी नव्हतं.

ते बुवांचं शेवटचं कीर्तन. दोन वर्षांनी ते गेले. ठकूबाई आणखी पुष्कळ जगल्या. मी त्यानंतर सावरदांडला चार वेळा गेले आणि चारही वेळा संध्याकाळच्या गाडीनं परत फिरले. तुकडा वहीतच राहिला. गोधडीवर मी पुस्तक लिहिलं. गाव पाण्याखाली गेलं तरी माणसाची ओळख कशी तरते, यावर मी ठिकठिकाणी बोलले. दोन साक्षींचा नियम सांगितला, की लोक माना डोलवत. कॅसेट माझ्याकडे आहे. कीर्तन ऐकायला लावते आणि नमन सुरू व्हायच्या आधीच बंद करते. ठकूबाई गेल्याचं मला एका विद्यार्थ्याकडून कळलं, गेल्यानंतर वर्षानं.

यंदा दिवाळीनंतर हौसाबाईचा फोन आला. "देवळाला रंग द्यायचाय. गोधडी उतरवलीया. कसर लागलीय का बघायला या. आन् बाई, या खेपंला मुक्कामानं या."

मी तुकडा घेऊन गेले.

सभामंडपात सतरंजीवर गोधडी पसरलेली. अकरांपैकी सात जणी उरलेल्या, सगळ्या आता म्हाताऱ्या, गोल करून बसलेल्या. हौसाबाईच्या डोळ्यांवर जाड चष्मा.

"धरा की टोक," ती म्हणाली. "उलटी करायचीय."

आम्ही गोधडी पालटली. मागची बाजू पांढऱ्या धोतराची, टाक्यांच्या ओळींनी भरलेली. आणि मधे, नदीच्या बरोबर पाठीमागं, बोटभर लांबीरुंदीचा एक हिरवा चौकोन. खणाचा. बारीक टीप घालून चारी बाजूंनी पक्का केलेला.

मी त्यावरून बोट फिरवलं.

"उरलेल्या चोळीतला," हौसाबाई म्हणाली. "त्याच दिशी लावला. तुमी चहा प्यायला उठला तवा."

"ठकूबाईंना माहीत होतं?"

"आमी दाखवलं एक डाव. उलटी करून. हात फिरवला तिनं. म्हणली, भिंतीकडं तोंड हाय माझ्या घराचं, वारं लागायचं न्हाई. अन् हसली." हौसाबाईनं चष्मा काढून पुसला. "मी धा वर्साची व्हते गाव उठलं तवा. तिच्या दारात चिंचोक्यांनी खेळलोय आमी. ह्या रखमाची आई तिच्याच दारात बाळंत झाली, नदीला पूर आला व्हता, पल्याड जाता येईना म्हणून. पर बुवांच्या तोंडावर कोण बोलणार? आमच्यात तेवढंच बळ झालं. मागल्या बाजूचं."

मी पर्समधून वही काढली. वहीतून तुकडा.

"मला पुढच्या बाजूला लावायचाय," मी म्हणाले.

"लावा की. सुई देते. पर आदी सांगा."

"काय?"

"काय ते तुमास्नी म्हाईत."

मी सांगितलं. देवासमोर, सात बायकांसमोर. काकूंची कॅसेट, बुवा ओसरीवर काय बोलले ते, नदी वर घ्यायला कुणी आणि का सांगितलं ते. पिशवीतल्या दोन कोऱ्या कॅसेटी. बुक्क्याची वाटी. मधे मला पाणी प्यावं लागलं. एकीनं नाक ओढलं.

"आमाला ठावं व्हतं," हौसाबाई शेवटी म्हणाली. "कॅसेटीचं सोडून. ते वंगाळ केलंत बाई."

"हो."

"आमी बी गप बसलो." तिनं सुई ओवून माझ्या हातात दिली. "घ्या. टाका बारीक घाला."

मला शिवता येत नाही. टाके वाकडे पडले, दोनदा उसवले, बोटाला टोचलं. कुणी मदत केली नाही आणि मीही मागितली नाही. उन्हं खांबांवरून उतरली तेव्हा हिरवा चौकोन निळ्यावर बसला. मी विहिरीवर दोन बोटं ठेवली आणि मोजत खाली आले. एकविसावं पाऊल खणावर पडलं.

हौसाबाई गाभाऱ्यात जाऊन वाटी घेऊन आली.

"त्या दिशी आमच्या आठ जणींना बी बुक्का लागला न्हवता," ती म्हणाली. "तुमी मधनंच फिरलात. ध्यानात हाय आमच्या. लावा."

मी उठले. पेटी नव्हती, बुवा नव्हते. पहिल्या बाईपासून सुरू केलं आणि रांग तोडली नाही. एकेक सुरकुतलेलं कपाळ पुढं येत गेलं. सातवं हौसाबाईचं. तिनं डोळे मिटले, उघडले आणि बाजूला सरकली.

रांग संपली. बोटावर अजून एका कपाळापुरता बुक्का होता.